दुसरे मनगट

“अंगठा काढ आधी!”

मोठ्या सिस्टरांनी आवाज चढवला नव्हता. त्यांना तो कधी चढवावाच लागत नसे. नव्या नर्सचा हात आजींच्या मनगटावरून चटका बसल्यासारखा मागे आला.

“नाडी तीन बोटांनी बघायची. अंगठ्यात आपलीच नाडी उडत असते. अंगठा लावलास तर या खाटेचा पायसुद्धा तुला जिवंत लागेल. परीक्षा पास होऊन आलीस ना? मग हे कुठं सांडून आलीस?”

“चुकलं, सिस्टर.”

“इथं ‘चुकलं’ म्हणून भागत नाही,” असे म्हणून मोठ्या सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या.

आजी उशीवरून हे सारे कौतुकाने पाहत होत्या. त्यांचा शिवणकामाचा कारखाना होता. हाताखालच्या बायकांना त्यांनी हयातभर धाकात ठेवले होते आणि अंथरुणाला खिळल्यावरही तो कारभार सुटला नव्हता. चादरीचा कोपरा सैल दिसला की त्या तो पुन्हा खोचायला लावत. नवीला शीर सापडेना तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “सुई धरायला कोणी शिकवलं गं तुला? माझ्याकडे असतीस तर बटणं लावायलासुद्धा बसवली नसती.” मात्र औषध घ्यायचे ते नवीच्याच हातून. तिला त्या ‘चिमणे’ म्हणत.

“चिमणे, इकडे ये,” मोठ्या सिस्टर लांब गेल्याचे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “माझी लेक निघालीय. लांबून येतेय. तिनं शिवलेलं एकदा मी सगळ्या बायकांदेखत उसवलं होतं. जी उठून गेली, ती बोललीच नाही पुन्हा. काल फोन आला. म्हणाली, आई, एक सांगायचंय, पण तुझ्यासमोर बसूनच सांगेन. चिमणे, माझी वाचा गेली तरी चालेल. ऐकायला मी हवी. तोवर मला जाऊ द्यायचं नाही. कळलं?”

“नाही जाऊ देणार, आजी.”

मोठ्या सिस्टरांचे कान मात्र वॉर्डभर असत. त्यांनी नवीला औषधांच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले.

“औषध द्यायचं, पाणी द्यायचं. शब्द द्यायचा नाही. तो पाळणं आपल्या हातात नसतं, बाई. मोडला की घरी जाऊन रडशील आणि सकाळी कामावर येणार नाहीस. तुझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्यात मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींची वाचा गेली. डॉक्टर पाहून गेले आणि म्हणाले, आता त्रास द्यायचा नाही. यंत्रे काढा, ऑक्सिजन तेवढा राहू द्या. पडदा ओढला गेला. नवीने न सांगता चादरीचे चारही कोपरे ताणून खोचले. आजींचे डोळे अर्धवट उघडे होते. त्यांनी नावे ठेवली नाहीत. नवी इतर खाटांची कामे उरकून पुन्हा पुन्हा पडद्याआड येई आणि तीन बोटे मनगटावर टेकवी. नाडी सुतासारखी बारीक लागत होती, पण लागत होती.

दुपारी लेक आली. केस पिकू लागलेली, हातात प्रवासाची पिशवी तशीच. तिला दारातून आणायला नवी धावत गेली आणि तिच्यापुढे धावतच परतली. तिने मनगट हातात घेतले. बोटांना काही लागेना. बोटे सरकवली, दाबली. काही नाही. मागे लेकीची पावले वाजली. नवीने दोन्ही हातांनी मनगट घट्ट धरले, आणि लागली! चांगली ठसठशीत, भराभर उडणारी.

“आहे ना?” लेकीने विचारले. “ऐकायला येतंय ना तिला?”

“आहे, ताई. बसा. बोला तुम्ही.”

ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बुडबुडत होते. लेक खाटेच्या कडेला बसली आणि आईच्या कपाळावरचे केस मागे सारू लागली.

“आई, सगळ्यांदेखत उसवायला नको होतंस गं.”

एवढेच बोलून ती रडू लागली. ते रडणे ऐकून मोठ्या सिस्टर पडदा सारून आत आल्या. त्यांनी आजींच्या डोळ्यांकडे पाहिले. मग छातीकडे. मग नवीच्या हाताकडे, आणि त्यांची नजर तिथेच थांबली.

नवीने खाली पाहिले. तिची बोटे मनगटाखाली होती. वर, नाडीवर, तिचा अंगठा होता. धावत आलेल्या तिच्याच काळजाचे ठोके त्यात उडत होते. हात काढावा तरी आजी जाणार, ठेवावा तरी त्या गेलेल्याच.

लेकीने पदराने डोळे पुसले.

“सांगायचं होतं ते राहिलंच,” ती म्हणाली. “सिस्टर, खरं सांगा. आहे ना अजून?”

मोठ्या सिस्टर खाटेला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्यांनी आजींचे दुसरे मनगट उचलून हातात घेतले, मान किंचित खाली घातली आणि नाडी पाहताना थांबावे तितक्या थांबल्या.

“आहे,” त्या म्हणाल्या. “सावकाश बोला. त्या ऐकतायत.”

लेक आईच्या कानाशी वाकली. “शिवण वाकडीच होती, आई. मला तेव्हाच दिसत होतं.”

नवीने भीत भीत समोर पाहिले. मोठ्या सिस्टरांची तीन बोटे अधांतरी होती. मनगटावर टेकला होता तो फक्त अंगठा.