उपक्रम दिसत नाही

"उपक्रम दाखवा, नाहीतर खोली सोडा," एवढाच निरोप होता, आणि निरोप धाडणाऱ्या, खोली देणाऱ्या संस्थेच्या मॅडम आत्ता जिना चढत होत्या.

काकांनी वळून गटाकडे पाहिलं. गट खुर्च्या मांडत होता. म्हणजे बाकीचे मांडत होते आणि झोप्या त्यातल्याच एका खुर्चीवर डुलक्या काढत होता.

युवा नेतृत्व आणि सहभाग गट. नाव ऐकून वाटावं, उद्याचं मंत्रिमंडळ इथूनच निघणार. काका या मंत्रिमंडळाचे बिनपगारी समन्वयक. ते पोस्टातून निवृत्त झाले, त्याच वर्षी काकू गेल्या, घर खायला उठायला लागलं आणि नेमकी तेव्हाच ही पोरं दारात येऊन उभी राहिली.

"नियमाप्रमाणे एक मोठं माणूस लागतं," त्यांच्यातली पुढारीण म्हणाली होती. सोळा वर्षांची, दातांना तारा, आवाज तहसीलदाराचा. "काही करायचं नाही. नुसतं मोठं असायचं."

नुसतं मोठं असून भागलं असतं तर बरं होतं. नेतृत्व राहिलं बाजूला, या पोरांना साधं जगणं जमत नव्हतं. झोप्याला जाग यायची नाही, म्हणून रोज सकाळी काकांनी फोन करून त्याला उठवायचं. एकदा काकांचाच डोळा लागला, फोन राहिला, तर पठ्ठ्या धापा टाकत दारात हजर. "काका, मला उठवायचं राहिलं." पुढारीणबाईंच्या आईला स्वयंपाकाचा अंदाज कधी आलाच नाही. डबा कायम दोन माणसांचा, आणि अन्न टाकलेलं काकांना खपायचं नाही. लिंबू, गटातली सगळ्यात धाकटी, जिन्यांना घाबरायची. भीती मोडायची तर सराव हवा. म्हणून संध्याकाळी काका तिला आपल्याच इमारतीचे मजले चढवायचे. ती त्यांचा हात असा घट्ट धरायची की जणू जिनाच अंगावर येणार आहे.

या सगळ्या उस्तवारीत उपक्रम तेवढा राहिला. वस्तीतली एक गरज हेरायची आणि ती वर्षभर भागवायची, एवढंच तर काम. पण ते गटानेच ठरवायचं, समन्वयकाने त्यात नाक खुपसायचं नाही, असा दंडक. काका पोस्टातले. दंडक म्हटला की संपलं. उपक्रमाचा विषय निघाला की ते स्वतःहून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

"काय ठरलं मग?" ते आत आल्यावर विचारत.

"चालू आहे, काका."

"कुठे चालू आहे? मला तर दिसत नाही."

"तुम्हाला दिसला तर बिघडेल," पुढारीण म्हणे.

"निदान झाडं तरी लावायची होती."

"आणि पाणी कोण घालणार? झोप्या?"

मॅडम आत आल्या. गळ्यात चष्म्याची दोरी, तोंडावरची माशी हलत नव्हती. पाणी विचारलं, नको म्हणाल्या. खुर्ची दाखवली, तर तिच्यावर पर्स ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. "समन्वयकांनी बाहेर थांबावं."

काकांनी जाता जाता पुढारिणीला बाजूला घेतलं. पोरांचा हा अड्डा मोडला तर आपण सकाळी कुठे जायचं, हा विचार त्यांनी रात्रभर उशीखाली दाबून ठेवला होता. "हे बघ, सगळं माझ्यावर ढकला. सांगा, म्हातारा सारखा मध्ये मध्ये करतो, सगळा वेळ त्याच्यातच जातो."

"तेच सांगणार आहोत," ती म्हणाली.

दाराला काच होती. ऐकू काही येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं, आणि जे दिसत होतं त्यावर काकांचा विश्वास बसेना. पोरं एकेक करून उठत होती. कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं. चार माणसं दिसली की खांबामागे जाणारी लिंबू खोलीच्या मधोमध उभी राहून बोलत होती, हात वगैरे करून. आणि झोप्या टक्क जागा होता. नुसता जागा नाही, फळ्यावर काहीतरी काढून समजावत होता, आणि मॅडम मान डोलवत होत्या. मग त्यांनी पेन बंद केलं. मग चष्मा काढला. मग खिशातून रुमाल.

काकांनी काचेला नाक लावलं. या पोरांना आपण जिने चढायला शिकवत होतो.

दार उघडलं. पोरं एकामागोमाग बाहेर पडून खाली गेली. काकांकडे एकानेही पाहिलं नाही.

"खोली?" काकांनी विचारलं.

"खोली राहील. इतक्या वर्षांत मी असा उपक्रम पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे गट मी इथे शिकायला पाठवणार आहे."

काकांना हायसं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात त्यांच्यातला पोस्टमास्तर जागा झाला.

"मॅडम, पोरांचं नुकसान व्हावं असं नाही, पण खोटं मला जमत नाही. मी रोज यांच्यासोबत असतो आणि मला उपक्रम म्हणून काही दिसलेलं नाही. थाप मारली असेल तर दोष माझा."

"थाप आहे की खरं, ते मी आत्ताच तपासणार आहे. उपक्रम ज्यांच्यासाठी केला, त्यांना एकटीने भेटल्याशिवाय मी शेरा लिहीत नाही."

"असं कुणी आहे?" काकांचा आवाज एकदम लहान झाला. "कोण? लांब राहतात का? मी आत्ता जाऊन घेऊन येतो."

मॅडमनी काकांना आत घेतलं, दार लोटलं, खुर्चीवरची पर्स उचलली आणि खुर्ची काकांकडे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या.