पूर्ण वर्षे : शून्य

“आई, इथं शून्य लिवलंय.” ब्राह्मीनं कागद परत पहिल्यापासून वाचला. “सेवेची पूर्ण वर्षे : शून्य.”

गुणमालाला वाटलं, पोरीची ओळ चुकली. बेदाणा निवडायच्या या शेडमध्ये तिची बावीस वर्षं गेली होती. आता निवडायचं यंत्र आलं होतं आणि बायकांना आज हिशेब देऊन घरी पाठवत होते. आत्ताच रंगुबाई अठरा वर्षांचे पैसे पदरात बांधून बाहेर पडली होती. जाताना म्हणाली, “अक्का, माजं एवढं, मग तुजं किती गं? चालत जाऊ नगंस, रिक्षा कर.”

हिशेब ब्राह्मीनं कालच मांडला होता. एका वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. बावीस वर्षांचे तीनशे तीस दिवस. पाचशे रुपये रोज. एक लाख पासष्ट हजार. मिरजेच्या नर्सिंग कॉलेजची तिची फी त्यातनंच भरायची होती, सोमवारपर्यंत.

“भरतेश, कायतरी चुकलंय बघ रं,” गुणमाला हळूच म्हणाली.

टेबलामागचा कारकून भरतेश तिच्याच गावचा, तिच्याच जैन मंदिरातला. रोज सकाळी अभिषेकाला उभा राहणारा. त्यानं मान वर केली नाही.

“चुकलं न्हाई, अक्का. तुमची सेवा सलग न्हाई. दर भाद्रपदात तुमी राजीनामा देता आन् दहा दिसांनी नव्यानं कामाला लागता. गेल्या भाद्रपदापासनं आजवर अकरा म्हैनं. वर्ष भरत न्हाई.”

“राजीनामा? मी?”

त्यानं फाइल पुढं सरकवली. एकाखाली एक कागद. ब्राह्मी मोजत गेली. एकवीस. प्रत्येकावर वर छापलेला मजकूर आणि खाली आईची सही.

गुणमालानं सही निरखली. तिचीच होती. पण एरवी सरळ येणारी अक्षरं इथं कापत, उतरत गेली होती. एकवीसच्या एकवीस तशीच. तिनं एका सहीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

निर्जळी उपासाच्या दुसऱ्या दिवशी तिचा हात असा चालत असे.

पर्युषणाचे दहा दिवस ती दर वर्षी रजा घ्यायची. शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा नाही, आणि चतुर्दशीला मौन. त्याच दिवशी भरतेश मंदिराच्या ओसरीवर यायचा. कागदाचा वरचा भाग दुमडलेला असायचा. ‘रजेचा अर्ज ऱ्हायलाय, अक्का, मागली तारीख घालतो,’ म्हणायचा. मौन मोडून कशाला विचारायचं? आणि विचारायचं कुणाला, अंगावर सोवळं असलेल्या भरतेशला? ती सही करायची.

“शेठ म्हणलं, रजा दाखवू नगा, नवीन भरती दाखवा,” भरतेश टेबलाकडं बघत म्हणाला. “मी नोकर माणूस. पण अक्का, मी कवा तसंच सोडलं न्हाई. दर क्षमावाणीला सगळ्यांच्या आधी तुमच्या पाया पडलोय. क्षमा मागितलीय. आन् तुमी दिलीया.”

ते खरं होतं. पर्युषणानंतरच्या क्षमावाणीला सगळेच एकमेकांची क्षमा मागत, पण भरतेशसारखं वाकून कुणी मागत नाही, असं गावात म्हणत. एका वर्षी तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुणमालानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

“क्षमेचं पण रजिस्टर ठेवलंय काय, काका?” ब्राह्मी म्हणाली.

गुणमालाच्या कानात एकच आवाज भरून राहिला होता, पलीकडच्या शेडमधल्या यंत्राचा. तिनं फाइल मिटली. टेबलावरचा एक कोरा कागद ओढून भरतेशपुढं ठेवला.

“लिही.”

“काय, अक्का?”

“मी सांगते तसं. गुणमाला रायगोंडा पाटील ह्यांनी बावीस वर्षांत एकदाबी राजीनामा दिला न्हाई. कागद दुमडून सह्या मी घेतल्या.”

भरतेशनं लिहिलं. पहिलं वाक्य पुरं केलं. दुसऱ्यात ‘मी’पाशी पेन थांबलं.

“अक्का, हे कामगार कोर्टात गेलं तर माजी नोकरी जाईल. मला दोन पोरं हायत.”

“व्हय,” ती म्हणाली.

त्यानं पेन खाली ठेवलं नाही, पुढंही नेलं नाही. कपाळावरचं गंध घामानं ओघळून भुवईपर्यंत आलं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. ब्राह्मीनं आईच्या दंडाला धरलं. “आई, चल. दिवस बुडायला तासभर राहिलाय. तू अजून जेवली न्हाईस.” सूर्यास्तानंतर गुणमाला पाण्याचा थेंबही घेत नसे, हे तिला ठाऊक होतं. भरतेशलाही ठाऊक होतं.

गुणमालानं टेबलासमोरची खुर्ची ओढली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. आता बसली, पदर नीट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“तू जा,” ती लेकीला म्हणाली. “जाऊन जेवून घे.”