पदराखालचा भाव

म्हैस पसंत पडली होती. वैजयंतीनं सड पिळून पाहिले, दात पाहिले, चार पावलं चालवून पाहिली. नुकती व्यालेली, खाली वगार, अंगानं गरीब. आता राहिला फक्त भाव, आणि मानवतच्या ह्या बाजारात म्हशीचा भाव तोंडानं होत नव्हता.

दलाल दत्तराव उजव्या हातावर उपरणं टाकून उभा होता. घेणाऱ्यानं त्या उपरण्याखाली हात घालायचा आणि दलालाची बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे दहा हजार, अर्धं बोट म्हणजे पाच. बघणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही. विकणाऱ्याशी दलाल पुन्हा वेगळा बोलणार. मधल्या मधे किती राहिलं, ते फक्त त्यालाच माहीत.

वैजयंतीनं हात पुढं केला. दत्तरावानं उपरणं झटकन छातीशी ओढून घेतलं.

"ताई, घरचं माणूस कुठाय?"

"मीच की घरची."

"तसं न्हवं. गड्यामाणसाचा हात लागतो. परक्या बाईचा हात मी कसा धरू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

मोठा आला अब्रूवाला! ह्याच अब्रूवाल्यानं गेल्या बाजारात तिच्या सासऱ्याला, शिवाप्पाला, पार गंडवलं होतं. म्हाताऱ्याचा हात कापतो. कापता कापता अर्धं बोट जास्त धरलं गेलं, आणि दत्तरावानं "ठरलं!" म्हणून उपरणं काढून घेतलं. एकदा उपरणं काढलं की बदल नाही, असा इथला कायदा. त्या रात्री शिवाप्पा जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून वैजयंतीनं आठ दिवस चुलीपुढं बसून त्याच्याकडून बोटं शिकून घेतली. त्याआधी परभणीला उद्योजक व्हायच्या शिबिरात तिला वाटाघाटीचं कौशल्य फळ्यावर लिहून दिलं होतं, वर सर्टिफिकेटही दिलं होतं. समोरच्यानं हातच धरला नाही तर काय करायचं, ते मात्र मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

तिनं मोबाइल काढला. "मग हितं आकडा टाका."

"फोनवर बाजार होत न्हाई, ताई." दत्तराव तिच्यामागं उभ्या शिवाप्पाकडं बघत म्हणाला, "आप्पा, तुमी या. करून टाकू."

शिवाप्पा जागचा हलला नाही.

"माझा हात कापतो, दत्तराव. तिचा न्हाई कापत. तिच्यासंगंच बोला."

"मग ऱ्हाऊ द्या. गिऱ्हाइकं लय हाईत."

घोळका हसला. वैजयंतीची कानशिलं तापली. सोमवारपासून सेलूच्या मिठाईवाल्याला रोज चार किलो खवा द्यायचा होता. घरच्या दोन म्हशींवर तेवढा खवा निघत नव्हता. आज म्हैस मिळाली नाही तर मिठाईवाला दुसरीकडं जाणार, आणि पहिलंच मोठं गिऱ्हाईक गेल्यावर गावात तिला कुणी उभं करणार नाही.

पलीकडं दावं धरून नर्मदाबाई बसली होती. म्हैस तिची. धारा तिनं काढल्या, वैरण तिनं घातली, आज पहाटे पाच कोस चालवत आणली तीही तिनंच. पण भावाच्या वेळी तिला कुणी जवळ बोलावलं नव्हतं.

वैजयंती सरळ तिच्यापुढं जाऊन बसली. खांद्यावरचा पदर ओढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात तिच्यापुढं धरला.

"मावशी, करा भाव."

दत्तराव ओरडला, "अरे, हे काय चाललंय? रिवाज हाय का न्हाई बाजाराला?"

"रिवाज कुठं मोडला?" वैजयंती मान न वळवता म्हणाली. "कापड हाय, हात हाय. बाईच्या हातात बाईचाच हात हाय. आता कुणाची अब्रू चालली?" मग हळूच नर्मदाबाईला म्हणाली, "एक बोट म्हंजे..."

"मला नको शिकवू," नर्मदाबाई फणकारली. "ह्या उपरण्यांपुढं बसून केस पिकले माझे. बोटं मला ठाऊक हाईत."

तिनं पदराखाली हात घातला. हात कसला, खरखरीत दगडच. तिनं आधी पंजा धरला. मग वर चार बोटं धरली. वैजयंतीनं मान हलवली आणि आपला आकडा दिला, पंजा आणि वर दोन. नर्मदाबाईनं हात काढून घेतला आणि दावं आवळून उठायला लागली. मायला, ही तर दत्तरावापेक्षा कडक! वैजयंतीनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. दोघींच्या कपाळावर घाम आला. घोळका आता हसत नव्हता, सगळे माना लांब करून बघत होते. कुणाला काही दिसत नव्हतं.

वैजयंतीनं अर्धं बोट वाढवलं. नर्मदाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग कबूल म्हणून तिनं अख्खा हात घट्ट दाबला.

वैजयंतीनं पदर काढून खांद्यावर टाकला. "ठरलं!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारची वगार दचकली. शिवाप्पानं वर बघून हात जोडले.

नर्मदाबाईनं दावं तिच्या हातात दिलं. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि लुगडं झटकत उठली. दत्तराव लगबगीनं तिच्याजवळ गेला. आवाज एकदम मऊ.

"अक्का, कितीला गेली? तेवढं तरी सांगा."

नर्मदाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"इतकी वर्षं मी तुमाला विचारीत हुते, दत्तराव," ती म्हणाली. "आता तुमी विचारत बसा."