ब्रॅकनशॉंचं मूळ आणि कूळ

“आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही!” इनॉक ब्रॅकनशॉनं बिअरचा मग टेबलावर आपटत जाहीर केलं.

“त्यात नवीन ते काय?” पबची मालकीण फ्लो बटाटे वाढता वाढता म्हणाली.

सगळे हसले. इनॉक मात्र हसला नाही. समोर त्याची नात बेथनी डोळे पुसत बसली होती. तिच्याशेजारी ड्रू, आणि ड्रूच्या पलीकडे त्याची आजी मर्टलबाई, ताठ मानेनं. ब्रॅकनशॉंच्या मेळाव्याला आलेले आजी आणि नातू मंगळवारी ऑस्ट्रेलियाला परतणार होते. त्याआधी बाईंचा होकार मिळाला नाही, तर लग्न मोडल्यातच जमा होतं. आजीनं वाढवलेला ड्रू आजीचा शब्द ओलांडणारा नव्हता.

“एका रक्ताची पोरं आहेत ही,” मर्टलबाईंनी सकाळीच सुनावलं होतं. “तीही ब्रॅकनशॉ, तोही ब्रॅकनशॉ. मूळपुरुष एक. तुम्हीच सांगता ना, इनॉक?”

सांगत होता खरा. इनॉकच्या खोऱ्यात उठता-बसता ब्रॅकनशॉ. रस्त्यात ‘ओ ब्रॅकनशॉ’ म्हटलं की मेंढ्यांसकट सगळे वळून बघायचे. म्हणून आडनाव कुणी तोंडातही घ्यायचं नाही. बाप-आजाचं नाव लावून माणूस ओळखायचे. आपला इनॉक म्हणजे ‘जेबेझच्या सेथचा इनॉक’. लग्नात तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी चॅपेलमध्ये उभं राहून ही साखळी जितकी मागे नेता येईल तितकी न्यायची, मगच अंगठी बोटात जायची.

साखळीच्या टोकाला काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पहिल्यांदा कॅनडाचे पाहुणे मूळ शोधत आले, तेव्हा इनॉकनंच ते टोक पुरवलं. ब्रॅकन म्हणजे नेचे, तर त्या नेच्यांच्या बनात राहणारा एक मेंढपाळ. मुलगे सात, मेंढा एक. सहा जण पोटासाठी जगभर पांगले, सातवा मेंढ्यापायी मागे राहिला. पाहुणे इतके खूश झाले की दरवर्षी येऊ लागले. यंदा तर निम्म्यांच्या सदऱ्यांवर तो मेंढा छापलेला होता.

इतक्या मेंढ्यांसमोर ‘ती थाप होती’ असं कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा दुसरी थाप सोपी.

“आमच्या इथं निम्मी लग्नं ब्रॅकनशॉंची ब्रॅकनशॉंशीच होतात, मर्टलबाई,” फ्लो मध्येच म्हणाली. “कुणाला शेपूट फुटलेलं नाही.”

“तुमच्यात चालत असेल,” बाई म्हणाल्या.

“बरं, तुमच्या बाजूची साखळी तरी ऐकवा. कुठवर जाते ती बघू,” फ्लो म्हणाली.

मर्टलबाईंनी रस्सा मागितला. मग मीठ मागितलं. मग खिडकी लावायला सांगितली.

इनॉकच्या ते ध्यानातही आलं नाही. तो आपली गोष्ट जुळवत होता.

“मूळपुरुष एक, हे खरंच,” तो म्हणाला. “पण जगातले सगळे ब्रॅकनशॉ काही त्याचे नव्हेत. काही कलमी आहेत.”

मेंढेवाल्या सदऱ्यांत चुळबूळ झाली.

“आजोबा, जपून,” बेथनी पुटपुटली.

“तू गप गं पोरी. तर मर्टलबाई, राग मानू नका. तुमच्या यजमानांचे पणजोबा. खलाशी होते, परमुलखातले. तुमच्याकडच्या फ्रीमँटल बंदराच्या धक्क्यावर जहाज लागलं आणि गड्यानं ठोकली धूम. धक्क्याच्या दारावर पोलीस उभा. ‘नाव काय?’ खरं सांगावं तर पुन्हा जहाजावर. आता करतो काय बिचारा? इकडं बघितलं, तिकडं बघितलं. समोर आपल्या खोऱ्यातल्या गिरणीची गासडी पडलेली, सुटाच्या कापडाची. तिच्यावर हे एवढ्या अक्षरांत: ब्रॅकनशॉ. ‘ब्रॅकनशॉ, साहेब!’ म्हणाला आणि निघाला शहरात. झालं! रक्ताचा थेंबसुद्धा आपला नाही. उद्या बार उडवा!”

पबमध्ये हशा पिकला. “इनॉक, पोलिसाच्या मिशीला किती केस होते तेही सांग की!” कुणीतरी ओरडलं.

ड्रू हसला नाही. तो आजीकडे बघत होता. मर्टलबाईंच्या हातातला काटा तसाच अधांतरी राहिला होता. चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

इनॉक मनात म्हणाला: मेलेल्या माणसाच्या खानदानावर घसरलो, आता ही बाई उठून जाणार, आणि नातीचं लग्न मी माझ्या जिभेनं मोडलं. त्यानं टोपी काढली. माफी मागायला तोंड उघडलं.

पण मर्टलबाई आधीच उभ्या राहिल्या होत्या.

“साफ खोटं!” त्या कडाडल्या. “पणजोबा कसले, माझा नवराच होता तो! खलाशी नव्हता, जहाजावरचा आचारी होता. आणि गासडी सुटाच्या कापडाची नव्हती मेल्या, ब्लँकेटांची होती. त्यातलं एक अजून रोज रात्री माझ्या अंगावर असतं!”