मागे बघणारं माणूस

चंद्रप्रकाशने स्वतःच्या गळ्यावरून आडवा हात फिरवला, आणि हरेश्वरने शहाण्यासारखी मान हलवली.

बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या आडून सगुणाने हे पाहिलं आणि हातातली मासे कापायची कोयती थांबवली. चंद्रप्रकाशने, सांताक्रूझच्या त्या कारखानदाराच्या मुलाने, मग अंगठा वर केला, खाली केला, डोक्यावर हात थोपटला. हरेश्वरने, तिच्या नवऱ्याने, एकेक खूण जशीच्या तशी करून दाखवली. लहूही अशाच खुणा शिकला होता. लहू म्हणजे सगुणाचा पाठचा भाऊ. होडीमागून, पाण्याखालून चोरट्या घड्याळांची पोती ओढत आणताना, दोर कापायच्या आतच सापडला आणि आता ठाण्याच्या तुरुंगात भाकऱ्या मोजत होता.

वेसाव्याच्या खाडीत, गुडघाभर पाण्यात ती पांढरी मोटरबोट डुलत होती. बोट इवलीशी, पण पाठीला इंजिन चाळीस घोड्यांचं. चार दिवस हरेश्वर तिच्याच नादी लागला होता. मागच्या फळीला दोन लोखंडी कड्या आवळल्या, त्यांत पंचाहत्तर फूट पिवळा दोर अडकवला, आणि समोर चक्क आरसा बसवला. आरसा! होडीत कोण भांग पाडणार होतं? मागून कस्टमची लाँच येते का, ते बघायलाच की.

एकादशीच्या कीर्तनात बुवांनी झांज थांबवून म्हटलं होतं, "देवावर विश्वास ठेवावा डोळे मिटून, माणसावर ठेवावा डोळे उघडून." सगळं देऊळ हसलं. सगुणा हसली नाही. तिने ते वाक्य पदराच्या टोकाला बांधून घरी आणलं होतं.

ती तशीच पाण्यात शिरली. हातातली कोयती हातातच राहिली.

"हा दोर कशाला रे?"

"माणूस ओढायला," हरेश्वर म्हणाला.

"काय ओढायला?"

"अगं, माणूस. पायाला फळ्या बांधून पाण्यावर उभा राहतो. नायतर त्या ट्रकच्या ट्यूबवर बसतो. आपण बोटीने ओढायचं. मजा असते ती."

"एवढं पेट्रोल जाळून माणूस ओढायचा? शेंबडं पोरसुद्धा ऐकायचं नाय हे. जरा बरी थाप मार."

चंद्रप्रकाश मोठ्याने हसला. "वहिनी, खरंच! रविवारी माझे दोस्त येतायत, बघाच तुम्ही." बोलता बोलता त्याने पाण्यातला दोर उचलला आणि ओरडला, "अरे हरेश्वर, शिसं कशाला बांधलंस यार? दोर तरंगायला पाहिजे! इंजिनच्या पंख्यात गेला तर वाट लागेल."

हरेश्वर ओशाळला. "सवय हो, शेट. आमचा दोर खालीच जातो."

"कसली सवय?" सगुणाने हळूच विचारलं. "जाळ्याची, का लहूच्या संगतीची?"

खाली मान घालून हरेश्वर शिशाची गाठ सोडवत बसला. गाठ त्याचीच होती, पण सुटायला फार वेळ लागला.

"मला बसव होडीत," सगुणा म्हणाली.

"डोकं फिरलं का तुझं? आपल्यात बाई होडीत चढत नाय."

"कुठल्या होडीत?"

"धंद्याच्या."

"मग ही धंद्याची हाय?"

हरेश्वरने आवळलेली कडी उगाच पुन्हा आवळली. हो म्हणावं, तर कसला धंदा ते सांगावं लागणार. नाही म्हणावं, तर बायकोला चढू द्यावं लागणार. कोर्टात लहूच्या वकिलालासुद्धा असं कुणी कोंडीत पकडलं नव्हतं.

चंद्रप्रकाशनेच टाळी वाजवली. "झकास! मागे बघायला तसंही एक माणूस लागतंच. आरशात नीट दिसत नाही. वहिनी, मी पडलो की ओरडायचं. अंगठा वर केला की जोरात, खाली केला की हळू. डोक्यावर हात मारला की किनाऱ्याला परत. आणि हे असं गळ्यावरून फिरवलं की इंजिन बंद."

"आणि दोर कापायची खूण कुठली?"

"दोर? दोर कशाला कापायचा?"

"बरं," सगुणा म्हणाली, आणि लुगडं आवरून बोटीत चढली.

ती सुकाणूवरच्या नवऱ्याकडे पाठ करून बसली. पलीकडे चंद्रप्रकाश पायात फळ्या अडकवून, दोराचं टोक धरून खोल पाण्यात गेला आणि गळ्यापर्यंत बुडाला. लाटेमागे त्याचं डोकंही दिसेनासं झालं. इंजिन खाकरलं, पेटलं. बोट उसळली. पिवळा दोर पाण्यावरून सळसळत गेला, ताठ झाला, थरथरला. सगुणाने कोयतीचं पातं दोराला टेकवलं आणि त्याचं दुसरं टोक जिथे पाण्यात शिरत होतं तिथून नजर हलवली नाही.

तिथलं पाणी फुगलं.

"काय वर आलं गं?" पुढे बघत हरेश्वरने ओरडून विचारलं. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

आधी दोन फळ्यांची टोकं आली. मग गुडघे. मग फेसातून नाकातोंडातलं पाणी थुंकत, हसत, अख्खा चंद्रप्रकाश समुद्रावर उभा राहिला.

"माणूस," सगुणा म्हणाली.

हरेश्वर खदाखदा हसला. "मग? सांगत नव्हतो मी?"

"आज माणूस हाय, पोती नाय," ती म्हणाली. पातं दोरावरून उचललं नाही. "रविवारीपण मीच बसणार मागे बघायला."

हरेश्वरचं हसणं थांबलं. सगुणाला ते पाठीमागूनही ऐकू आलं.