उंदराचं अंथरूण

अगं, ऐक तर खरं! वनमालेचा पांढरा उंदीर पोपटाच्या पिंजऱ्यातून निसटायचा आणि लाकडी खोकं कुरतडायचा, म्हणून तिनं माधवगंजाच्या बाजारातून पत्र्याचा डबा आणून झाकणाला भोकं पाडली. राहिलं अंथरूण. भुशानं तो शिंकायचा, कापसात पाय गुंतायचे. "बाबांची दरबारी पगडी फाड ना," तिचा दादा म्हणाला. "संस्थान विलीन झालं, आता कोण घालतंय?" आणि कात्री घेऊन निघालाच की! दारात बाबा बोडक्यानंच ऐकत उभे. वनमालेचं डोकंच फिरलं. कात्री हिसकून तिनं दादाच्या खुंटीवरच्या कोऱ्या पांढऱ्या टोपीच्या चिंध्या करून डब्यात कोंबल्या. "पागल! उद्या नव्या सरकारात रुजू व्हायचंय मला!" "मग जा बोडका, बाबांसारखा!" बाबा ओरडले, तेही तिच्यावरच, "घरात आता त्याचीच नोकरी आहे. माफी माग!" तिच्या जागी तू काय केलं असतंस?