चार मिनिटांचं काम

"तिला विचार, चालू केलं की निळा पडदा येतो आणि मशीन आपलं आपणच बंद होतं. याला काय म्हणायचं?"

बाबांचा आवाज जरा लांबून आला. फोन आईच्या हातात होता, स्पीकरवर. इकडे मुलगी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसली होती, मांडीवर डबा. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कानावर हा आवाज पडत होता. घास हातातच राहिला.

आईने इमानेइतबारे निरोप सुरू केला, "बाबा विचारतायत, निळा पडदा..."

"ऐकलं गं मी. परवा आणली म्हणालीस ती नवीन हार्ड डिस्क कुणी बसवली?"

"कुणी म्हणजे? यांनीच! दुकानदाराने जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून दिलं, घरी येऊन बसवतो म्हणाला. पण हे कुणाला हात लावू देतील तर शपथ."

"मग आत आता डिस्क किती आहेत? एक की दोन?"

पलीकडे खुसपुस झाली. "दोन म्हणतायत. जुनीही जोडलेलीच आहे. असू दे म्हणे, कशाला काढायची."

बाबाच ते! घरांचे नकाशे काढणारा माणूस. पेन्सिलीचा बोटभर तुकडाही कधी टाकला नाही. मशीन चालू होताना आधी त्या मरायला टेकलेल्या जुन्या डिस्ककडे धावत होतं आणि तिथेच कोसळत होतं. तिच्या वायरी काढल्या की काम फत्ते. दिवसभर मुलीचा धंदा तोच. असले फोन चार मिनिटांत मिटवण्यात ऑफिसात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ती म्हणाली, "आई, बाबांना सांग, आधी वीज बंद करा आणि रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून बघा."

लबाडीच होती ती, दुसरं काय! चार मिनिटांत मिटलं असतं, तर चारच मिनिटं मिळाली असती. बाबांनी आपल्या कचेरीत तिच्यासाठी टेबल मांडून ठेवलं होतं. ती नको म्हणाली, नोकरीसाठी या शहरात आली, आणि त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला. आईशी बोलताना मागे त्यांचा खोकला ऐकू यायचा, तेवढाच.

"दोन्ही टोकांचे खटके दाबा म्हणावं. आणि पट्टीचे पिवळे दात खोडरबराने पुसा."

"दात पुसा म्हणतेय," आईने सांगितलं.

"कुणाचे?"

"हे बघा," आई वैतागली, "मला तुमचे खटके नि दात काही कळत नाहीत. माझं दूध गॅसवर आहे. तुमचं तुम्ही बघा." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मुलीला वाटलं, ठेवला आता फोन.

"पुसले," बाबा म्हणाले.

शब्द एकच, पण तिच्याशी बोललेला.

"आता परत बसवा, बाबा. टक् होईपर्यंत."

"झालं टक्. चालू करतो." थोडा वेळ गेला. "परत निळाच."

निळाच येणार होता. तिने माऊस काढून पुन्हा लावायला सांगितला, कीबोर्ड काढून पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा वीज बंद करून पंख्यातली धूळ बघायला सांगितली.

"खंडीभर आहे," बाबा म्हणाले. "तू होतीस तेव्हा दर महिन्याला पुसायचीस."

"मोठ्या ब्रशने पुसा. दुसऱ्या खणात असेल."

"आता तिसऱ्यात असतो."

तेवढ्यानेही तिला वाईट वाटलं. आपल्या माघारी ब्रशने खण बदलला आणि आपल्याला पत्ता नाही. वरून सहकाऱ्याने हाक मारली, सुट्टी संपली होती. तिने नुसता हात हलवला.

इतक्यात फोनमधून "आई गं" ऐकू आलं.

"काय झालं, बाबा? तुम्ही खाली बसलायत?"

"मग? मशीन टेबलाखालीच आहे ना. पाऊण तास झाला फरशीवर. गुडघा काही सरळ होत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, जुन्या डिस्कच्या दोन वायरी आहेत, तेवढ्या काढा. बाकी काही करू नका."

काढल्या. मशीन घुरघुरलं. या वेळी ते थांबलं नाही.

"आलं," बाबा म्हणाले. "नकाशे सगळे आहेत." मग, "हे तुला आत्ता सुचलं?"

"नाही. दोन डिस्क म्हणालात तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फोन ठेवला असता."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाबा वर येऊन बसले असावेत.

"उद्या प्रिंटर बघायचाय," ते म्हणाले.

"त्याला काय झालं?"

"काही नाही. चांगला चालतोय. तू किती वाजता मोकळी असतेस?"